पोतनिसांच्या घरचा कागद

दुकानासमोर पांढरी गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, झेडपीचे कुणी साहेब असतील आणि आता फुकट पेनांची मागणी होईल. गाडीतून आधी काठी उतरली, मग सिल्कचा झब्बा, आणि मग चेहरा. चेहरा पाहिल्याबरोबर हातातल्या कंपासपेट्या मी गल्ल्यावर ठेवून दिल्या. हातात राहिल्या असत्या तर फेकून मारल्या असत्या.

“शालन ना तू? दिनकरची शालन?”

“हो. काय देऊ?”

“काही नको गं. तुला भेटायला आलो, पुण्याहून.”

“इथे वह्या-पुस्तकं मिळतात, काका. भेटी ठेवत नाही आम्ही.”

नीळकंठराव गुळवणी हसले. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. मी लहान असताना आमच्या घरी पाटावर बसून, आईने वाढलेली तिसरी पुरणपोळी ‘नको नको’ म्हणत घेताना ते असेच हसायचे. आता ऐंशीच्या घरात गेले होते, मान जराशी हलत होती, पण हसू तसंच टवटवीत. मी ‘बसा’ म्हणण्याची वाट न पाहता ते स्टुलावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “दिनकरचं ते पत्र माझ्याकडे आहे.”

हे वाक्य त्यांनी ‘अजून चहा घ्यायचाय’ इतक्या सहज टाकलं. ते ऐकून मला गल्ल्याची कड का धरावी लागली, ते कळायला अप्पांचं थोडं सांगायला हवं.

माझे वडील, दिनकर पोतनीस, जुन्या कागदांचा व्यापार करत. वाईत राहून आसपासच्या जुन्या घराण्यांकडे जायचं, माळ्यावर पडलेले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, उतरवून घ्यायची, बसून वाचायची, आणि कामाचा कागद निघाला तर तो संग्राहकांना विकायचा. या धंद्यात पाटी लागत नाही, फारसं भांडवलही लागत नाही. लागतो तो शब्द. ‘पोतनीस खरा म्हणाले’ एवढ्यावर पुण्या-मुंबईची मंडळी कागद डोळे मिटून घेत. अप्पांना आपल्या या शब्दाचा भारी तोरा होता, आणि मला अप्पांचा.

एका हिवाळ्यात आवजे घराण्याच्या धाकट्या पातीकडून, म्हणजे शाखेकडून, अप्पांनी एक पत्र विकत घेतलं. संभूराव आवजे हे आमच्या भागातल्या एका लहानशा गडाचे किल्लेदार. वेढ्यात सापडले आणि तिथेच पडले. वेढ्यातून त्यांनी बायकोला लिहिलेलं हे एकच पत्र. मजकूर कारकुनाच्या हातचा, पण शेवटची ओळ त्यांची स्वतःची. त्या काळची बडी माणसं पत्र सांगून लिहवून घेत आणि अखेरीस एखादी ओळ आपल्या हाताने घालत. संग्राहक जीव टाकतात तो त्या ओळीवर. वरच्या मजकुरात दाणा संपत आल्याचं आणि बारूद भिजल्याचं होतं. आणि खाली किल्लेदाराच्या ओबडधोबड अक्षरात एवढंच होतं: ‘तांबडी गाय व्याली किंवा कसें तें लिहिणें.’

अप्पा ती ओळ मोठ्याने वाचायचे आणि चष्मा काढून पुसत बसायचे. “मरण उंबऱ्यात उभं आहे आणि माणूस गाईची चौकशी करतोय,” म्हणायचे. “असा कागद जन्मात एकदा हाती लागतो, शालन.”

पुण्यात काही हौशी मंडळींनी तेव्हा जुन्या कागदांचा लिलाव ठरवला होता. अप्पांनी पत्र तिथे ठेवलं. मीही हट्टाने बरोबर गेले होते. लिलावाआधी सकाळी सगळे कागद टेबलांवर मांडून ठेवले होते आणि लोक वाकून वाकून बघत होते. नीळकंठराव आले तशी वाट मोकळी झाली. पेशाने वकील, घरचे गडगंज, आणि मोडी कागदांमधलं त्यांचं मत म्हणजे शेवटचं. शिवाय अप्पांचे जिवलग मित्र. अप्पांनी हौसेने त्यांचा हात धरून पत्रापाशी नेलं.

नीळकंठरावांनी पत्र खिडकीपाशी धरलं. बराच वेळ पाहिलं. मग टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “कागद जुना आहे. हात नवा आहे.”

अप्पा हसले. “नीळकंठ, थट्टा पुरे.”

“थट्टा नाही, दिनकर. शाई सुकवायला टाकलेली वाळू बघ. अक्षरात बसलेली नाही, मागाहून भुरभुरवलेली आहे. बनावट आहे हे.”

‘दिनकरला कुणीतरी फसवलं असेल’ असं म्हणायलासुद्धा त्या माणसाची जीभ रेटली नाही. तेवढं म्हटलं असतं तरी अप्पा तरले असते. पण ते गप्प राहिले, आणि लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. लिलाववाल्यांनी पत्र बाजूला काढलं. मग सगळ्यांसमोर नीळकंठरावांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. “मी मुंबईला नेऊन तपासून घेतो. खरं निघालं तर तुझ्यासाठी मीच डांगोरा पिटेन.” अप्पांनी पत्र त्यांच्या हाती दिलं. वर आभारही मानले.

दोन-अडीच महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. तपासणी झाली, बनावटच निघालं. असा कागद बाजारात फिरत राहणं बरं नव्हे, म्हणून जाळून टाकला. मनाला लावून घेऊ नये.

पुण्यात म्हणे नीळकंठरावांची वाहवा झाली. मित्राचीसुद्धा गय केली नाही, बाजार स्वच्छ ठेवला. इकडे अप्पांना जुन्या घरांची दारं बंद झाली. लोक तोंडावर काही बोलत नसत. ‘सध्या कागद काढायचे नाहीत, पोतनीस’ म्हणत आणि चहा देऊन वाटेला लावत. शेवटी अप्पांनी वह्या-पुस्तकांचं दुकान घातलं, तेच हे.

धंदा गेला ते एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण अप्पांचा नीळकंठरावांवर विश्वास होता, तो काही सुटला नाही. “नीळकंठचा डोळा चुकायचा नाही,” ते म्हणायचे, “माझ्याच नजरेत खोट असणार.” घरात उरलेले कागद काढून उजेडात धरायचे, पुन्हा पुन्हा बघायचे आणि माझ्यापुढे करायचे. “शालन, हा खरा वाटतो का गं तुला?” ज्या माणसाच्या शब्दावर पुणं-मुंबई चालत होती, तो माणूस शाळकरी पोरीला विचारत होता. एक दिवस त्यांनी उरलेले सगळे कागद रद्दीत घातले. आईने अडवलं तर म्हणाले, “त्यातला एखादा खोटा असला तर?” पुढे आजारपणात शुद्ध हरपेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.

आणि आता नीळकंठराव माझ्या दुकानात स्टुलावर बसून सांगत होते की पत्र त्यांच्याकडे आहे.

“जाळलं होतंत ना?” मी विचारलं.

“असा कागद कुणी जाळतं का?” ते माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मीच अडाण्यासारखं विचारलं होतं. “मोह झाला, शालन. पाहिल्याबरोबर कळलं, की बोलीत हे माझ्या हाती लागणार नाही. मुंबईचे शेटजी आले होते त्या दिवशी. जाऊ दे, झालं ते झालं. आता मी म्हातारा झालोय. आवजे घराण्याची थोरली पाती परदेशात असते. गडाच्या पायथ्याशी ते संग्रहालय बांधतायत. माझा सगळा संग्रह घेणार, आणि एका दालनाला माझं नाव देणार. पण त्यांना मुख्य हवंय ते हे पत्र. पुढच्या महिन्यात मुंबईत लिलाव आहे, तिथे ते उघड बोलीने घेणार आहेत.”

“मग घेऊ देत की.”

“अडलंय तिथेच. त्यांच्या घरात नोंद आहे, की हे पत्र धाकट्या पातीने वाईच्या पोतनिसांना दिलं. पोतनिसांच्या घरचं कुणी हा तोच कागद म्हणून ओळखलं, तरच ते बोली लावणार. तेव्हा फोटो कुणी काढला नव्हता. दिनकर गेला, वहिनी गेल्या. आता तुमच्या घरातली ते पत्र पाहिलेली तू एकटीच.”

दुकानात कुणी नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढलं, कारण आता गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला धड बोलले नसते.

“ओळखीन,” मी म्हटलं. “पण आधी तुम्ही भर सभेत उभं राहून सांगायचं, त्या दिवशी काय केलंत ते.”

त्यांनी मान डोलावली. त्यांची तयारी होती असं दिसलं. “सांगेन की. माझ्या हातून त्या दिवशी गफलत झाली, असं मी…”

“गफलत नाही.”

“बरं, नजरचूक म्हणतो.”

“नजर तुमची चुकली नव्हती.”

“चूक. साफ चूक झाली म्हणतो, मग तर झालं?”

भाजी घासाघीस करून घ्यावी तसे ते शब्दांची घासाघीस करत होते, आणि मला त्यात आसुरी आनंद व्हायला लागला होता. ते एकेक शब्द पुढे करत गेले, मी मान हलवत गेले. ‘अन्याय’पर्यंत आले. ‘मोह’ तर त्यांनी तीनदा देऊन पाहिला.

“खोटं बोललो, म्हणायचं,” मी शेवटी म्हटलं. “पत्र खरं होतं हे कळत होतं, तरी खोटं बोललो. जाळलं म्हणालो तेही खोटं. दिनकर पोतनीस सचोटीचा माणूस होता. एवढं सगळं, याच शब्दांत.”

नीळकंठराव काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. मग पुन्हा तेच हसू. “दिनकरसारखीच आहेस. हट्टी. ठीक आहे, म्हणेन. आणि मग तू ओळखशील?”

“कागद हातात घेऊन, सगळ्यांदेखत काय ते सांगेन.”

“मला तुझा भरवसा आहे. दिनकरच्या घरातली तू. तुम्ही लोक खोटं बोलणाऱ्यातले नव्हे.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. म्हणजे ह्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आम्ही कसे आहोत ते. त्याच भरवशावर पत्र नेलं, आणि त्याच भरवशावर परत दारात आले होते. तरीही खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात वेडंवाकडं काही नव्हतं. अप्पांचं नाव धुऊन निघावं एवढंच हवं होतं. त्यासाठी यांचं दालन झालं तर होऊ दे, असं मी स्वतःला समजावलं होतं.

महिन्याने मी मुंबईला गेले. ठेवणीतली नऊवार नव्हे, पण आईची जरीची हिरवी साडी नेसले होते. हॉटेलातला थंडगार हॉल, मखमली खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या हातात आकडा लिहिलेला पंख्यासारखा पुठ्ठा. बोली लावायची तर तो वर करायचा. लिलाव चालवणाऱ्या ऋजुता राजाध्यक्ष म्हणून तिशीतल्या बाई होत्या, तरतरीत, कामाला चोख. त्यांनी मला पुढच्या रांगेत बसवलं. शेजारच्या खुर्चीवर आवज्यांचे वकील फाईल मांडीवर घेऊन बसले होते.

कुणाची सनद गेली, कुणाचं वंशावळीचं बाड गेलं. मग राजाध्यक्ष बाईंनी हातोडा बाजूला ठेवला. “पुढचं पत्र संभूराव आवजे यांचं. याच्या इतिहासाविषयी एक प्रश्न आहे, म्हणून बोलीआधी दोघांचं निवेदन होईल. आधी पत्राचे मालक, श्री. गुळवणी.”

नीळकंठराव उठले. माईक हातात घेतला तशी त्यांची मान हलायची थांबली. कोर्टात उभा जन्म गेलेला माणूस.

“मित्रहो,” ते म्हणाले, “पूर्वी पुण्याच्या लिलावात हे पत्र बनावट असल्याचं मी जाहीर केलं होतं. मी खोटं बोललो. पत्र खरं आहे हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं. नंतर ते जाळल्याचं मी सांगितलं, तेही खोटं. ते माझ्याकडेच होतं. वाईचे दिनकर पोतनीस हा सचोटीचा माणूस होता.”

हॉलमध्ये कुणी हललं नाही. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं जे ऐकायला अप्पा तडफडले, ते भर सभेत उच्चारलं गेलं होतं, माझ्याच शब्दांत. नीळकंठराव त्या क्षणी खाली बसले असते, तर मी उठून ‘हेच ते पत्र’ म्हणाले असते आणि संध्याकाळच्या एसटीने घरी आले असते. देवाशपथ सांगते.

पण ते बसले नाहीत. लोकांची ती शांतता त्यांना सोसली नसावी. ते हसले, तेच हसू, आणि म्हणाले, “आता मला एक सांगा मंडळी. असा कागद समोर आल्यावर तुमच्यापैकी किती जणांची नियत जागेवर राहिली असती? माझी नाही राहिली बुवा!”

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. बघता बघता अख्खा हॉल हसायला लागला. सगळे संग्राहकच, प्रत्येकाच्या पोटात कुठला ना कुठला लाटलेला कागद असणार. मागून टाळी वाजली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. “काय दिलखुलास माणूस आहे,” माझ्या मागची बाई म्हणाली. “एवढं कबूल करायलाही छाती लागते.”

टाळ्या! माझा बाप स्वतःच्या डोळ्यांना घाबरून मेला, आणि त्यावर या लोकांनी आपली करमणूक करून घेतली. नीळकंठराव एक हात उंचावून टाळ्या झेलत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान तुकवली, ‘झालं ना तुझ्या मनासारखं?’ अशा अर्थाने.

“आता श्री. पोतनीस यांच्या कन्या,” राजाध्यक्ष बाई म्हणाल्या.

मी टेबलापाशी गेले. काळ्या मखमलीवर पत्र ठेवलं होतं. कारकुनाच्या सुबक ओळी, खाली ती वेडीवाकडी एक ओळ, तांबड्या गाईची. माझ्याही नकळत मी ती मनात वाचली, अप्पांच्या आवाजात. मग दोन्ही हातांनी अलगद उचलून पत्र पालथं केलं. उजव्या कोपऱ्यात फिकट पिवळा डाग होता, अंगठ्याएवढा. ज्या दिवशी पत्र घरी आलं, त्या दिवशी आई लिंबाचं लोणचं घालत होती आणि मी हळद कालवत होते. अप्पांनी बाहेरून हाक मारली, मी तशीच धावले आणि कागद हातात घेतला. आई केवढी ओरडली होती! अप्पा मात्र म्हणाले होते, पुसू नका, पुसायला गेलं की कागदच जातो, राहू दे पोरीचा अंगठा.

माझाच अंगठा होता तो. मी त्याच्याकडे पाहिलं, पत्र पुन्हा सुलटं करून मखमलीवर ठेवलं आणि माईककडे वळले.

“माझ्या वडिलांकडे होतं ते पत्र खरं होतं,” मी म्हणाले. “गुळवणींनी आत्ताच ते कबूल केलंय. पण हे ते पत्र नाही.”

हसू कुठल्या कुठे विरलं. राजाध्यक्ष बाई पुढे झाल्या. “तुमची खात्री आहे?”

“मी ते रोज हाताळलेलं आहे. हा आमच्या घरचा कागद नव्हे.”

“खोटं!” नीळकंठराव ओरडले. काठी खाली पडली. “शालन, हेच ते! नीट बघ! ती खोटं बोलतेय, मी शपथेवर सांगतो, हेच ते पत्र!”

“असा कागद समोर आला की तुमची नियत जागेवर राहत नाही,” मी म्हणाले, “असं तुम्हीच सांगितलंत. माझ्या वडिलांचं पत्र कुठे आहे ते तुम्हाला माहीत. हे कुठून आणलंत तेही तुम्हालाच माहीत.”

आता कुणी हसलं नाही. लोक एकमेकांच्या कानाला लागले. ‘आधीही खोटं बोलले होतेच की’ असं कुणीतरी पुरेशा मोठ्याने म्हणालं. आवज्यांच्या वकिलांनी फाईल मिटली, चष्मा खिशात ठेवला आणि राजाध्यक्ष बाईंना सांगितलं, की त्यांचे अशील या पत्रावर बोली लावणार नाहीत आणि गुळवणी संग्रहाची बोलणीही तूर्त थांबवावीत. बाईंनी पत्र बाजूला काढायला सांगितलं. मघाशी छातीचं कौतुक करणारी माझ्या मागची बाई म्हणाली, “या वयात हे असले उद्योग!”

मी पर्स उचलली आणि हॉलबाहेर पडले. लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून जिन्याने निघाले. एक मजला उतरले असेन, तोच वरून हाक आली. नीळकंठराव कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. काठी हॉलमध्येच राहिली होती. त्यांना दम लागला होता. मी थांबले. म्हाताऱ्या माणसाला धावायला लावू नये, एवढे संस्कार अप्पांनी केले होते.

“तू जिंकलीस,” ते जवळ येऊन म्हणाले. “दालन गेलं, संग्रह गेला, उद्या पुण्यात तोंड दाखवायला जागा नाही. माझी तक्रार नाही. मी केलं, मी भोगेन.”

मी पर्स खांद्याला अडकवली.

“पण कागद पालथा केलास तेव्हा मी तुझं तोंड बघत होतो. ओळखलंस तू.” त्यांनी माझा हात धरला. “ओळखलंस ना? का… मध्ये मी घर बदललं, शालन. पेट्या इकडच्या तिकडे झाल्या. वर्षानुवर्षं ते मी कुणाला दाखवलं नाही, स्वतःही कधी नीट काढून बघितलं नाही, कुणी पाहील म्हणून. आत्ता वर त्यांनी बाजूला ठेवलं तेव्हा मी परत पाहिलं. मला… मला कळेना गं. वाळू बघितली. अक्षर बघितलं. एकदा वाटतं तेच आहे. एकदा वाटतं, कुणी बदललं तर नसेल?”

त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. तो चेहरा मी आमच्या घरात पाहिला होता, आयुष्यातली काही वर्षं रोज, कागद उजेडात धरून माझ्याकडे बघणारा.

“लोकांना नको सांगू,” नीळकंठराव म्हणाले. “लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. इथे कुणी नाही. मला एकट्याला सांग. पाया पडतो तुझ्या. हेच ना ते?”

जिन्यात खरंच कुणी नव्हतं. एक शब्द टाकला असता तर माझं काही बिघडणार नव्हतं, आणि म्हातारा सुखाने झोपला असता. अप्पा माझ्या जागी असते तर त्यांनी तो टाकला असता, वर हाताला धरून खाली गाडीपर्यंत पोहोचवलं असतं. मला माझे अप्पा पक्के ठाऊक आहेत.

मी त्यांच्या बोटांतून हात सोडवून घेतला.

“नाही, काका,” मी म्हणाले. “हे ते नाही.”

ते तिथेच पायरीवर बसले. मी खाली उतरत गेले. वरच्या हॉलमधलं ‘नाही’ मी अप्पांसाठी म्हटलं होतं. जिन्यातलं निव्वळ माझ्यासाठी होतं, आणि आज या वयात लपवाछपवी कशाला करू, तेच मला जास्त गोड लागलं.